वाडीचे कुंपण कसे झाले? ‘कंपाउंड’ या शब्दाची गोष्ट

१/
मराठीत आपण ‘कंपाउंडवरून उडी मारली’ असे सहज म्हणतो. शेतकरी तारेचे कंपाउंड घालतो, सोसायटी दिवाळीपूर्वी कंपाउंड रंगवून घेते, उशीर झालेला विद्यार्थी कंपाउंड चढून शाळेत शिरतो. या प्रत्येक वाक्यात कंपाउंड म्हणजे भिंत किंवा तारा. इंग्रजीत मात्र तो शब्द भिंतीचा नव्हे. भिंतीने वेढलेली जागा, तिच्यातील घर, झाडे, विहीर, अंगण हे सारे मिळून कंपाउंड होते. भिंतीला ते वेगळे ‘कंपाउंड वॉल’ म्हणतात. आपण शब्द उचलला, त्यातील जागा टाकून दिली आणि फक्त कड ठेवली. आजचा धागा त्या टाकून दिलेल्या जागेविषयी आहे.

२/
प्रथम एक गैरसमज दूर करू. कंपाउंड म्हणजे आपल्या कुंपणाचाच साहेबी अवतार, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ध्वनी जुळतो, अर्थही जुळतो. नाते मात्र नाही. कुंपण हा शब्द मराठीत स्वतंत्रपणे नांदत होता. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातील मराठी-इंग्रजी कोशात तो आहे, आणि सरड्याची धाव जिथवर जाते ते कुंपणही हेच. गंमत अशी, की त्याच काळात ईस्ट इंडिया कंपनीला मराठीत ‘कुंपणी सरकार’ म्हणत. ‘कुंपणच शेत खाते’ या म्हणीचा आणि कुंपणी सरकारचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. पण ती म्हण ऐकताना त्या काळच्या रयतेच्या मनात काय येत असेल, याचा विचार केल्याशिवाय मला राहवत नाही.

३/
मग हा शब्द आला कुठून? यासाठी मी ज्या ग्रंथाकडे पुन्हा पुन्हा जाते तो म्हणजे ‘हॉब्सन-जॉब्सन’. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी रचलेला हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नावच एका अपभ्रंशाचे आहे: मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन! या हुसेन!’ ही आर्त हाक गोऱ्या शिपायांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाली. इतरांच्या शोकाचे शब्द आपल्या जिभेला सोयीचे करून घेणे, ही साम्राज्याची एक सवयच होती. ‘कंपाउंड’च्या नोंदीत या कोशकारांनी पोर्तुगीज, फ्रेंच आणि मले असे तीन दावे तपासले आहेत. पारडे झुकते ते मलेकडे. आजचे कोशकारही बहुतेक तिकडेच बोट दाखवतात. तो मूळ मले शब्द म्हणजे ‘काम्पुंग’.

४/
काम्पुंग म्हणजे काय? जॉन क्रॉफर्ड हा सिंगापूरचा एके काळचा रेसिडेंट. त्याने १८५२ मध्ये मले भाषेचे व्याकरण आणि कोश प्रसिद्ध केला. कंपाउंडचा उगम काम्पुंगमध्ये शोधण्याचे श्रेय हॉब्सन-जॉब्सन त्यालाच देते. त्या शब्दात तीन अर्थ एकत्र नांदतात: कुंपण घातलेली जागा, खेडे, आणि शहरातील एका समाजाची वस्ती. याच मुळापासून मलेमध्ये ‘बरकाम्पुंग’ हे क्रियापद होते. त्याचा अर्थ एकत्र जमणे. म्हणजे या शब्दात कुंपण होते, पण ते माणसांच्या जमण्याभोवती होते. माणसे आधी, कूड नंतर.

५/
इतिहासातील काम्पुंग पाहायचे तर मलाक्क्याला जावे. पोर्तुगीजांनी हे बंदर १५११ मध्ये जिंकले. मानुएल गोदिन्यो दि एरेदिया हा तेथेच जन्मलेला, पोर्तुगीज पित्याचा आणि बुगी मातेचा मुलगा; त्याचे शिक्षण आपल्या गोव्यात झाले. त्याने १६१३ मध्ये मलाक्क्याचे जे वर्णन लिहिले, त्यात ‘कांपोन शेलिम’ आणि ‘कांपोन शिना’ अशा वस्त्या येतात. पहिली दक्षिण भारतातून आलेल्या लोकांची, दुसरी चिनी लोकांची. पुढे १८२२ मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्सच्या काळात सिंगापूरचा नगर-आराखडा झाला, तेव्हा मले, बुगी आणि अरब लोकांसाठी जो भाग ठरला तो ‘काम्पोंग ग्लाम’. ते नाव आजही तिथे आहे. भिंत नाही, वेस नाही, तरी काम्पोंग आहे.

६/
आजही मलेशियात ईदच्या सुमारास शहरे ओस पडतात आणि महामार्ग तुंबतात. या घरी परतण्याला ते ‘बालिक काम्पुंग’ म्हणतात, म्हणजे गावी परतणे. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. माझे आजोळ कोकणातले. तिथे गाव म्हणजे वाड्यांचा समूह. आणि वाडीला कुंपण असलेच तर चिऱ्यांचा किंवा दगडांचा कमरेएवढा गडगा. गडगा गुरांना अडवी, माणसांना नाही. बेडे सरकवून पलीकडच्या अंगणात जाता येई आणि कुणाच्या घरी काय शिजले हे गडग्यावरूनच कळे. ‘काम्पुंग’ला मराठीत एकच प्रतिशब्द द्यायचा झाला, तर मी ‘वाडी’ हा देईन.

७/
मलाक्क्यातील वाडी इंग्रजांच्या बंगल्यापर्यंत पोहोचली ती व्यापाराच्या वाटेने. जावा बेटावरील बांटम येथे इंग्रजांची वखार सतराव्या शतकाच्या आरंभीच उभी राहिली. मद्रासचा सेंट जॉर्ज किल्ला नंतरचा, आणि सुरुवातीची काही वर्षे तो बांटमच्याच अखत्यारीत होता. माणसे, माल आणि पत्रे यांची या दोन किनाऱ्यांत ये-जा होती, शब्दांचीही झाली. हॉब्सन-जॉब्सनने दिलेल्या दाखल्यांत १६७९ मधील एक नोंद आहे. मद्रासचे इंग्रज अधिकारी आंध्र किनाऱ्यावर दौऱ्यावर होते. मादापोल्लमजवळ त्यांना डचांची एक वखार दिसली, तिला मोठे ‘कंपाउंड’ होते. तिथे निळे कापड रंगवले जाई आणि त्यासाठी तीनशेहून अधिक रांजण जमिनीत पुरलेले होते.

८/
हे चित्र मला फार बोलके वाटते. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले शेकडो रांजण, त्यांत नीळ, भोवती आवार. इथे काम्पुंगमधील घरे गेली आहेत आणि त्यांच्या जागी काम आले आहे. जागेचा मालक वेगळा, राबणारा वेगळा. शब्दाने पहिली कूस बदलली ती इथे. काम्पुंगमध्ये जमणारी माणसे आपल्या मर्जीने जमत. वखारीच्या कंपाउंडमध्ये कोण येणार हे वखारवाला ठरवतो.

९/
थोडे थांबून एक गुंता सोडवू. ज्या ‘कंपाउंड’वरून दवाखान्यातील कंपाउंडर आला, तो शब्द वेगळा. तो लॅटिन मुळाचा, ‘एकत्र ठेवणे’ या अर्थाचा. औषधे एकत्र खलणारा तो कंपाउंडर. मुद्दल आणि व्याज एकत्र वाढते ते चक्रवाढ व्याज. मूलद्रव्ये एकत्र येऊन बनते ते संयुग. इंग्रजी जिभेला ‘काम्पुंग’ परका होता, म्हणून तिने त्याला घरातल्याच ओळखीच्या शब्दाचा अंगरखा चढवला. दोन भिन्न कुळांतील शब्द असे एका स्पेलिंगमध्ये नांदू लागले. योगायोग असा, की दोघांच्याही मुळाशी ‘एकत्र येणे’ हाच भाव आहे.

१०/
आता उलट दिशेचा एक प्रवास पाहा. संस्कृतातील ‘वाट’ या शब्दाचा एक अर्थ कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली जागा. त्या कुळातून आपले वाडा, वाडी हे शब्द आले. गुरांच्या कोंडवाड्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. इंग्रजीतील ‘टाउन’चीही तीच कथा. त्याचा जर्मन भाऊबंद ‘त्साउन’ आजही कुंपण या अर्थानेच वापरतात. म्हणजे आपल्याकडे काय किंवा त्यांच्याकडे काय, आधी कुंपणाचा शब्द होता आणि शतकानुशतके माणसे राहून राहून तो वस्तीचा शब्द झाला. कंपाउंड मात्र उलटा चालला. वस्तीचा शब्द होता, त्यातून माणसे गळत गेली आणि कुंपण उरले. शब्द असा उलटा चालतो, तेव्हा मधल्या काळात काय घडले हे विचारले पाहिजे.

११/
मधल्या काळात बंगला घडला. बंगला हा शब्दही इथलाच, बंगाली धाटणीचे घर या अर्थाचा. १८१७-१८ मध्ये पेशवाई संपली, पुण्याला आणि खडकीला छावण्या वसल्या, आणि त्यांच्यासोबत बंगल्यांची वस्ती आली. पेठेतला वाडा रस्त्याला खेटून उभा असतो. त्याची मोकळी जागा पोटात, चौकात असते. बंगल्याचे अगदी उलट. घर मध्यभागी आणि मोकळी जागा चहूबाजूंना. शेजाऱ्यापासून, बाजारापासून, वासांपासून आणि आवाजांपासून जितके दूर राहता येईल तितके दूर. त्या मोकळ्या जागेचे नाव कंपाउंड.

१२/
पण या कंपाउंडात साहेब एकटा नसे. मागच्या बाजूला स्वयंपाकघर, तबेला, आणि नोकरांच्या खोल्यांची रांग. खानसामा, माळी, भिस्ती, मोतद्दार यांची बायकामुले तिथे राहत. अनेक बंगल्यांत साहेबाच्या कुटुंबापेक्षा या मागच्या रांगेतच माणसे अधिक. म्हणजे खरी वस्ती, खरा काम्पुंग, बंगल्याच्या पाठीशी होता. तरीही पत्ता साहेबाचा, फाटकावरची पाटी साहेबाची. फाटकाची कडी आतून होती आणि ती कुणाला उघडायची हे आतला मालक ठरवी. इतिहासात जिथे भिंत भेटेल तिथे मी प्रथम हेच पाहते: कडी कोणत्या बाजूला आहे आणि ती कुणाच्या हाती आहे?

१३/
हा प्रश्न फक्त साहेबाला विचारून चालणार नाही. आपल्या भाषेत ‘गावकूस’ असा एक शब्द आहे. जुन्या गावांना तट असे, त्याला वेस असे, आणि वेशीचे दार रात्री बंद होई. गावाचे रक्षण हा त्याचा हेतू होताच. पण ‘गावकुसाबाहेर’ म्हटल्यावर आपल्याला चोर-दरोडेखोर आठवत नाहीत. महारवाडा, मांगवाडा आठवतो. वेशीवर पहारा देणाऱ्याचेच घर वेशीबाहेर होते. ज्या भाषेने वाडी हा एवढा मायेचा शब्द घडवला, तिनेच भिंतीच्या बाहेर कोण, हे जातीने ठरवून टाकले होते. कंपाउंडची गोष्ट परकी असली तरी तिचा धडा परका नाही, तो यामुळे.

१४/
आता दक्षिण आफ्रिकेत जाऊ, कारण कंपाउंड या शब्दाचा सर्वांत काळा अर्थ तिथे घडला. किंबर्लीच्या परिसरात १८७० च्या दशकाच्या आरंभी हिऱ्यांच्या खाणींसाठी झुंबड उडाली. हिरा ही चमत्कारिक वस्तू: लाखमोलाची आणि मुठीत, तोंडात, पोटात लपेल एवढी. खाणमालकांनी मजुरांची अंगझडती सुरू केली. गोऱ्या कामगारांनी या अपमानाविरुद्ध १८८३-८४ मध्ये संप केले. मालकांनी त्यातून शोधलेला मार्ग असा, की गोऱ्यांना सूट द्यायची आणि काळ्या मजुरांना कोंडायचे. १८८५ मध्ये किंबर्ली सेंट्रल कंपनीने आपल्या आफ्रिकी मजुरांना बंदिस्त आवारात ठेवले. पुढच्याच वर्षी डी बीअर्सने तोच कित्ता गिरवला. या आवाराचे नाव: कंपाउंड.

१५/
या कंपाउंडची रचना समजून घेण्यासारखी आहे. चारी बाजूंना उंच भिंती किंवा पत्रे, त्यांना लागून आतल्या अंगाला खोल्या, मध्ये अंगण. वरून तारांची जाळी, ती पावसापासून किंवा पक्ष्यांपासून बचावासाठी नव्हे. कुणी हिरा भिंतीपलीकडे भिरकावू नये म्हणून. आवारातून खाणीत जायला बंदिस्त मार्ग, म्हणजे बाहेरच्या जगात पाऊल न टाकता मजूर बिछान्यावरून थेट कामावर. दुकानही आतच, कंपनीचे. गावातील व्यापाऱ्यांनी आपले गिऱ्हाईक गेले म्हणून ओरड केली. मजुरांचे स्वातंत्र्य गेले म्हणून फारशी नाही. कराराची मुदत महिन्यांची असे आणि ती संपेपर्यंत बाहेर पडता येत नसे.

१६/
मुदत संपली तरी सुटका लगेच नव्हे. बाहेर सोडण्यापूर्वी मजुराला काही दिवस वेगळे, विवस्त्र ठेवत, त्याच्या हातांना कातडी मोजे अडकवत आणि त्याला रेचके देत. पोटात हिरा आहे का ते पाहण्यासाठी. याच डी बीअर्स कंपनीने गोऱ्या कर्मचाऱ्यांसाठी केनिलवर्थ नावाचे टुमदार उपनगर वसवले, झाडांच्या रांगांचे. कंपनी एक, शहर एक, हिरे तेच. एका बाजूची वस्ती खुली आणि दुसरीला वरूनही जाळी. बंगल्याच्या कंपाउंडची कडी आतून होती, इथली बाहेरून. इंग्रजीत शब्द मात्र दोन्हींसाठी एकच राहिला.

१७/
१८८६ मध्ये विटवॉटर्सरँडला सोने सापडले आणि कंपाउंडची पद्धत सोन्याच्या खाणींतही गेली. तेथील आवारे किंबर्लीइतकी घट्ट बंद नव्हती. पण बायकामुले दूर गावी आणि पुरुष खोलीत एकावर एक रचलेल्या फळ्यांवर, हा संसार पुढे कित्येक दशके चालला. तरीही माणसे ती माणसेच. एका गावची मंडळी एका खोलीत राहू लागली, नवख्याला सांभाळू लागली, आजाऱ्याची वर्गणी काढू लागली, रविवारी नाचू लागली. १९४६ च्या ऑगस्टमध्ये रँडच्या हजारो आफ्रिकी खाणकामगारांनी संप केला. पोलिसांनी कंपाउंडे वेढून तो मोडला. मालकांनी ज्यांना कोंडण्यासाठी एकत्र ठेवले, त्यांनी त्या एकत्र असण्याचाच उपयोग केला होता. काम्पुंगचा जुना अर्थ जाळीखालीही मेला नव्हता.

१८/
या कथेत आपली माणसेही आहेत. नाताळमधील उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून भारतीय गिरमिटिये नेले जात. पुढे ते कोळशाच्या खाणींतही उतरले. करार संपल्यावर जे मायदेशी परतत नसत किंवा पुन्हा गिरमिटात अडकत नसत, त्यांच्यावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला ३ पौंडांचा कर बसला. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. मंत्र्यांशी झालेल्या भेटीनंतर हा कर रद्द होणार अशी त्यांची समजूत झाली. पुढे सरकारने असे वचन दिल्याचेच नाकारले. गोखल्यांना दिलेला शब्द मोडला, ही गोष्ट १९१३ च्या लढ्याचे एक मोठे कारण ठरली.

१९/
ऑक्टोबर १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील भारतीय मजुरांनी काम थांबवले. ते राहत मालकांच्याच जागेत. मालकांनी त्यांचे दिवे आणि पाणी तोडले. तेव्हा माणसे बिऱ्हाड पाठीला बांधून निघाली. गांधीजींनी दिलेल्या आकड्यांनुसार ६ नोव्हेंबरला ट्रान्सवालकडे निघालेल्या मोर्चात २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. काही दिवसांतच त्यांना अटक करून रेल्वेने परत नाताळला आणले. एवढ्यांना पुरतील असे तुरुंग नव्हते. मग सरकारने खाणींची कंपाउंडेच तारेच्या जाळीने वेढली, त्यांना डंडी आणि न्यूकॅसल येथील तुरुंगांची उपकेंद्रे म्हणून जाहीर केले आणि खाणींच्या गोऱ्या नोकरांना जेलरचे अधिकार दिले. खाणीत उतरण्याची सक्ती ही तिथली शिक्षा. नकार देणाऱ्यांना फटके.

२०/
इथे क्षणभर थांबावेसे वाटते. कालपर्यंत जे राहण्याचे ठिकाण होते, ते एका सरकारी हुकमाने तुरुंग झाले, आणि त्यासाठी थोड्या तारेपलीकडे काही बांधावे लागले नाही. जागा तीच, माणसे तीच, कामही तेच. १९१४ मध्ये ३ पौंडांचा कर अखेर रद्द झाला. या लढ्याचा इतिहास लिहायला गांधीजींनी पुढे सुरुवात केली, ती पुण्याच्या येरवडा तुरुंगात.

२१/
आपल्या मुंबईतील गिरण्यांनाही कंपाउंड होते आणि त्यांच्या भिंती चांगल्याच उंच होत्या. फरक एवढाच, की त्या भिंतींच्या आत यंत्रे आणि काम होते. कामगारांचे जगणे बहुतांशी बाहेर, परळ-लालबागच्या चाळींत होते. खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळे, गावकऱ्यांच्या खोल्या, गणपती, हे सारे गिरणीमालकाच्या फाटकाबाहेर. म्हणून भोंगा बंद पडला तरी गिरणगाव बंद पडत नसे. संपात तेच कामगाराला तगवून धरी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप हरला तेव्हा आधी गिरण्या गेल्या, मग हळूहळू भोवतीचे गिरणगावही. त्या आवारांत आता मॉल आणि कचेऱ्या आहेत. पत्त्यात ‘मिल कंपाउंड’ हे शब्द अजून आहेत; त्यांच्यापुढची मिल नाही.

२२/
आणि याच शहरात कंपाउंड पुन्हा काम्पुंग झालेलेही पाहायला मिळते. धारावीतील ‘तेरा कंपाउंड’ प्रसिद्ध आहे. प्लास्टिक, पत्र्याचे डबे, पुठ्ठे असे शहराने फेकलेले पुष्कळसे तिथे निवडले, धुतले, वितळवले जाते. भिंत शोधू जाल तर सापडणार नाही. भिवंडीच्या गोदामांचे पत्ते पाहा, ठाण्या-मुंबईच्या जुन्या औद्योगिक वस्त्यांचे पत्ते पाहा; अमुक कंपाउंड, तमुक कंपाउंड. अनेक ठिकाणी कुणा मालकाचे आवार होते, त्यात गाळे निघाले, गाळ्यांवर पोटमाळे चढले, बिऱ्हाडे आली, चहाची टपरी आली. त्या टपरीवर आजही विचारतात, ‘कोणत्या कंपाउंडमधले तुम्ही?’ हा प्रश्न भिंतीविषयी नसतो. तो ‘तुम्ही कोणत्या वाडीचे?’ असाच असतो.

२३/
इतिहासाचा हा धागा मी विणायला घेतला, त्याला एक निमित्त झाले. मी राहते त्या सोसायटीच्या मागच्या भिंतीत एक लहानसे दार आहे. पलीकडच्या वस्तीतून घरकामाला येणाऱ्या बायका त्यातून येत. सुरक्षिततेच्या कारणाने भिंत दोन फूट वाढवून ते दार बुजवावे, असा ठराव आला. चर्चा झाली, भिंतीच्या खर्चावर झाली, रंगावर झाली. त्या दारातून येणाऱ्या एकीलाही कुणी विचारले नाही. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी विचारले, तेव्हा त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘वळसा घालून यायचं म्हंजे येक घर सोडावं लागंल मला.’ एक दार बुजवण्याची किंमत त्यांनी एका घराच्या पगारात, अचूक मोजून सांगितली. मी हे सभेत सांगितले. ठराव मंजूर झाला.

२४/
माझे शेजारी वाईट नाहीत. चोरीची भीती खरी असते आणि भिंत घालणारा प्रत्येकजण खाणमालक नसतो. किंबर्लीची आणि आमच्या सोसायटीची तुलना केली, तर ती किंबर्लीतील मजुरांवरच अन्याय करील. पण बंगला, वेस, खाण आणि सोसायटी या चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. ज्यांच्या पायांना त्या भिंतीचा वळसा पडतो, त्यांना ती बांधताना विचारलेले नसते. मराठीत ‘कंपाउंड’ म्हणजे फक्त भिंत असे आपण धरून चाललो, की हा प्रश्न सुचतही नाही. भिंतीची उंची मोजता येते, खर्च काढता येतो, विषय संपतो. कंपाउंड म्हणजे भिंतीसकट आतली-बाहेरची माणसे, हे ध्यानात ठेवले तर विषय तिथून सुरू होतो.

२५/
तरुण वाचकांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावातील, मोहल्ल्यातील आवारांच्या नावांची टाचणे काढा: वाडा, वाडी, वेस, गडगा, कोंडवाडा, हाता, कंपाउंड. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा. भिंत कुणी घातली, कडी कोणत्या बाजूला होती, आणि ती नसती तर कुणाची वाट जवळची झाली असती. उत्तरे सातबारावर सापडणार नाहीत. म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागेल, आणि तेही लवकर. ज्यांनी गावकूस पाहिले, ज्यांनी गिरणीच्या फाटकावर हजेरी दिली, ती पिढी आता थकत चालली आहे. तुम्हाला सापडलेली नावे या धाग्याखाली अवश्य लिहा. धागा इथे थांबवते.